पहिल्या वीस

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! अरे, वीस मेंढरं द्यायचं कबूल केलंस, ते एक वेळ खपवून घेईन. पण कुठली वीस, ते ठरवायला तुला तोंड नव्हतं?"

थोरली मेंढवाड्याच्या फाटकाला पाठ लावून उभी होती आणि धाकट्या दिरावर नुसती आग पाखडत होती. धाकटा पायानं माती उकरत ऐकत होता. बाहेर रस्त्याला साखरतोंड्याचा टेम्पो मागची फळी पाडून तयार. मेंढरांचा हा व्यापारी कुणाशी कधी वाकडं बोलला नाही आणि कुणाला कधी सरळ भाव दिला नाही, म्हणून गावानं त्याला हे नाव ठेवलेलं. तो आपला चाकाजवळ उभा राहून दात कोरत होता. घरच्यांची भांडणं आपोआप मिटतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

औंदा पावसानं पाठच फिरवली होती. माळ भाजून काढल्यासारखा झालेला, भेगा अशा की मेंढराचा खूर अडकावा. गंजीत चारा उरला होता तो निम्म्या कळपापुरता. मेंढरं कमी करायला हवीत हे थोरलीला कळत नव्हतं थोडंच! पण नवरा पाय मोडून खाटेवर पडलेला, ती त्याच्या उशापायथ्याला अडकलेली, आणि तेवढ्यात ह्या शहाण्यानं बाजारात परस्पर सौदा करून टाकला.

"ठरवायचं काय त्यात, वहिनी?" धाकटा म्हणाला. "फाटक उघडायचं. पहिल्या वीस बाहेर पडतील त्या त्याच्या. ना त्यानं निवडायच्या, ना आपण. ज्याचं त्याचं नशीब. आणि भाव केवढा चढा देतोय!"

"चढा का देतोय, ते विचारलंस?"

"चांगला माणूस आहे."

"चांगला माणूस!" थोरलीनं कपाळावर हात मारला. "रोज सकाळी ह्या फाटकातनं आधी कोण बाहेर पडतं रे?"

धाकटा शेतात राबणारा. मेंढरांमागं हिंडणं थोरल्याचं काम. पण एवढं तर त्यालाही माहीत होतं.

"म्होरकी," तो पुटपुटला.

"आणि तिच्या मागं?"

"मागं... तगड्या."

"म्हणजे कळपातल्या सगळ्यात चांगल्या वीस. भरल्या कासेच्या, दर खेपेला धडधाकट कोकरू देणाऱ्या. त्या गेल्यावर मागं काय उरणार? खोकणाऱ्या, भाकड, दात पडलेल्या. बियाणं विकून भुसा पेरणार आहेस का?"

आता धाकट्याला घाम फुटला. पण चूक कबूल करील तर तो धाकटा कसला! "तुमच्या त्या मरतुकड्यांना कोण भाव देतो? ज्याला भाव येतो तेच विकावं माणसानं. व्यवहार आहे साधा."

"तुझा व्यवहार आजच्या सकाळचा. मला ह्याच कळपावर अजून पोरं मोठी करायची आहेत."

"मग काय, दिलेला शब्द मोडू?"

इथं मात्र थोरली अडली. ह्या माळावर कागद कुणी करत नसे. शब्द मोडणाऱ्याच्या दारात पुन्हा टेम्पो उभा राहत नाही, आणि पुढच्या दुष्काळात मेंढरं तशीच खुंट्याला मरतात. एकीकडं शब्द, दुसरीकडं कळप. कुठलंही गेलं तरी घर बसणार होतं.

मग पदर खोचून ती टेम्पोकडं गेली.

"शब्द म्हणजे शब्द. पहिल्या वीस तुमच्या. पण नशिबाचाच खेळ ना? मग कुणी हाकायचं नाही, हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. आपल्या मनानं येतील त्या येतील. कबूल?"

"ताई, तुमच्या तोंडून न्यायच बोलतो," साखरतोंड्या हसला. त्याला काय, म्होरकीला हाकायची गरजच नव्हती.

थोरली घरात गेली आणि खडेमिठाचं पोतं ओढत बाहेर आली. नवरा पडल्यापासून मेंढरांना मीठ मिळालं नव्हतं. मेंढवाड्याच्या आत, फाटकाच्या अगदी समोरच्या टोकाला, कुंपणाशी दगडी कुंडी होती. तिच्यात तिनं निम्मं पोतं ओतलं.

"हे काय मध्येच?" साखरतोंड्याचं हसू जरा उतरलं.

"अजून मेंढरं माझी आहेत. माझ्या मेंढरांना मी काय खायला घालावं, हे पण तुम्हाला विचारू? उघड रे फाटक!"

फाटक उघडलं. म्होरकीनं एकदा उघड्या फाटकाकडं पाहिलं, नाक वर करून वास घेतला आणि वळली ती थेट कुंडीवर. तिच्या मागं तगड्या धावल्या. मग जी रेटारेटी झाली म्हणता! धडधाकट मेंढरांनी कुंडी अशी घेरली की मुंगीला वाट नव्हती. दुबळी जवळ गेली की बसलीच धडक. दोनदा-तीनदा मार खाल्ल्यावर ती बिचारी मागं सरकली, फाटकाशी आली आणि बाहेरचं वाळकं गवत बघून निघाली.

पहिली गेली ती खोकणारी. मग दोन भाकड. मग एका डोळ्यानं आंधळी. धाकटा तोंडातल्या तोंडात मोजत होता आणि त्याचा चेहरा बदलत चालला होता. साखरतोंड्यानं दात कोरायची काडी फेकून दिली. बोलायची सोय नव्हती, अट कबूल केलेली.

एकोणीस झाल्या आणि घात झाला. घरातनं थोरल्याचा आवाज आला, "अगं, काय चाललंय काय? एवढी सामसूम का?"

सगळ्यांना बजावलं होतं, नवऱ्याला बजावायचं राहिलं! ज्या आवाजामागं म्होरकी रोज माळावर जायची, तोच आवाज. तिनं कुंडीतनं तोंड काढलं, कान टवकारले आणि फाटकाकडं चालू लागली. मिठाला पाठ करून तगड्याही वळल्या. ओरडावं तर अट मोडते.

फाटकाच्या तोंडाशी म्हातारी मेंढी उभी होती. पुढचा पाय अधू, दात गेलेले. निम्मा कळप तिच्या पोटचा, म्होरकी तिच्या लेकीची लेक. आई मेलेली किती कोकरं तिनं आपल्या दुधावर जगवली होती! हिला विकायची नाही, ही आपल्या दारात मरेल, असं थोरलीनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता म्हातारी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी, आणि म्होरकी तिच्या पाठीशी येऊन थांबलेली. दोघींतली एक जाणार.

जा, बाई. थोरलीनं मनात म्हटलं, आणि म्हणताना तिला स्वतःचीच शिसारी आली. जा गं, माझी आई.

म्हातारीनं अधू पाय उचलला आणि ती बाहेर पडली.

"वीस!" धाकट्यानं फाटक असं आदळलं की कुंपण हललं.

साखरतोंड्यानं मेंढरांवरनं नजर फिरवली. तोंडातली साखर पार विरघळली होती. पण तोही मुरलेला गडी. त्यानं म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला, थोरलीचं तोंड न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "ताई, ही तुमच्या जिवाची दिसते. ठेवून घ्या. हिच्या बदली ती म्होरकी द्या, झालं. आपल्यात काय एवढं?"

हो म्हणायला थोरलीची जीभ वळवळत होती, खोटं कशाला बोला!

"नाही," धाकटा मध्ये आला. "पहिल्या वीस म्हणजे पहिल्या वीस. चढवा."

म्हातारीला उचलूनच चढवावं लागलं. टेम्पो धूळ उडवत गेला. थोरली तिथंच कुंपणाशी बसली आणि गुडघ्यात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. धाकटा बावचळला.

"वहिनी, अहो, आपण जिंकलो! तगड्या राहिल्या की सगळ्या. तुम्हीच बरोबर होतात. मग रडता कशाला?"

"बरोबर होते म्हणून काय रडू पण नको?" थोरली म्हणाली. तिनं नाक पुसलं आणि ती उठली. "जा, मेंढरांना पाणी दाखव. मीठ खाल्लंय त्यांनी."