उजेडाची पेन्सिल

“ही कोण, विठोजीराव?”

हयवदन मेष्ट्रूंनी हातभर लांबीचा फोटो खिडकीशी नेला, परत आणला, चष्मा पुसून पुन्हा नेला. बंगळुरात शाळामास्तरांना मेष्ट्रूच म्हणतात, आणि चामराजपेटेतली निम्मी पोरं ह्या मेष्ट्रूंच्या हाताखालून गेलेली.

“कोण म्हणजे? तुम्हीच दिलात की मासिकातला फोटो, मोठा करायला. अमेरिकेतली गाणारी बाई.”

“ती ही नव्हे.”

विठोजी हसला. मेष्ट्रूंना चटकन ओळखू आलं नाही, म्हणजे काम झकास उतरलं. “खुललीय ना? दोन दिवस राबलो.”

तीस वर्षं तो दामोदरशेटच्या स्टुडिओत रिटचिंग करत होता. खिडकीशी तिरकं मेज, मेजात काच, काचेखाली आरसा. आरशातला उजेड निगेटिव्हमधून वर येई, आणि विठोजी सुईसारख्या टोकाची पेन्सिल त्या उजेडावर अलगद टेकवत जाई. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते तिथं फोटोत उजळ होतं. देवीचे वण बुजत, सुरकुत्या मावळत, काळी सावळी होई आणि सावळी गहूवर्णी. कितीएक मुलींच्या बापांनी त्याचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला होता.

मेष्ट्रू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. रागावले असते तर विठोजीला बरं वाटलं असतं.

“विठोजीराव, ह्याच रंगापायी तिला हॉटेलात जेवायला बसू दिलं नाही. रविवारी आम्ही प्रदर्शन मांडतोय ते हेच सांगायला. आणि तुम्ही तिचा रंग स्वल्प...”

“उजळला. बरंच केलं की. वाईट तर नाही ना केलं?”

मेष्ट्रूंनी पिशवीत हात घातला. एक कागद काढून मेजावर ठेवला. “ही यादी तुमच्या लेकीनं, कौशल्यानंच लिहिलीय. तिलाच विचारा. शनिवारी येतो. मला तीच बाई हवी. सरी? ठीक ना?”

वळणदार कन्नड अक्षर लेकीचंच होतं. रंगभेद समजून घ्यायला कुठली पुस्तकं वाचावीत, कोणाची गाणी ऐकावीत, कोणाची चित्रं पाहावीत, कुठल्या संस्थांना पत्र लिहावं. विठोजीनं यादी दोनदा वाचली. ज्याच्या हाती पेन्सिल आहे त्यानं काय करावं, ते तीत कुठंच नव्हतं.

घरी कौशल्या नाचणीचे मुद्दे, उकडीचे गरम गोळे, वळत होती. चोवीस वर्षांची, मेष्ट्रूंच्याच शाळेत धाकट्या वर्गाला शिकवणारी. विठोजीनं पाय धुता धुता सगळं सांगितलं. हसत सांगायला घेतलं, पण हसू शेवटपर्यंत पुरलं नाही.

“मेष्ट्रू चिडले का, अप्पा?”

“चिडते तर दोन शब्द बोललो असतो. मला सांग, माझं चुकलं काय? माणूस फोटो काढतो तो बरं दिसायलाच ना?”

कौशल्यानं ताटात मुद्दा ठेवला, मधे खळगा केला, त्यात सार ओतलं. “तुमकूरच्या बाईंनी काय केलं होतं, आठवतं?”

आठवायला तो विसरला कुठं होता? गेल्या माघात तुमकूरच्या स्थळाकडून मुलाची आई बघायला आली. तिनं पिशवीतून विठोजीनं उजळून धाडलेला फोटो काढला, कौशल्याच्या गालाजवळ धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग गोडच आवाजात म्हणाली, “हा धाकटीचा काय हो?” धाकटी ह्या घरात नव्हतीच. चहा तसाच राहिला.

“म्हणून तर ह्या वेळी फोटो बेतानं उजळलाय,” विठोजी म्हणाला. प्रतापरावांच्या मुलाचं स्थळ होतं हुबळीचं. उद्याच्या टपालानं फोटो धाडायचा होता. “न उजळता धाडला तर बघायलासुद्धा कोणी येणार नाही, बाळ.”

“आणि उजळून धाडला तर येतात आणि बघून जातात.”

“मग करू काय मी?”

“मला तरी कुठं ठाऊक आहे?” तिचा आवाज एकदम लहान झाला. “लग्न नकोच असं नाही माझं. ती यादी लिहिताना मी रडले, अप्पा. इतक्या लांबच्या लोकांसाठी. आणि घरी येऊन गालाला साय लावली.”

दोघंही जेवली. भिंतीवरच्या फोटोतून त्याची बायको जमनाबाई बघत होती, हार घातलेली, दुधासारखी गोरी.

जमनाबाई अथणीकडची. आठ वर्षं झाली तिला जाऊन. जात्यावर बसली की लेकीला मांडीवर घेऊन म्हणायची:

*सावळी माझी लेक, ओल्या रानाची गं माती*
*हिच्या पोटात झोपले, जोंधळ्याचे मोती*

“आईचा फोटोही तुम्ही तसाच केलात,” कौशल्या ताट उचलताना म्हणाली. त्यात राग नव्हता. “मी डोळे मिटते तेव्हा मला आई दिसते. ह्यात नाही दिसत.”

सकाळी स्टुडिओ उघडताच विठोजीनं आधी मासिकावरून घेतलेली गाणाऱ्या बाईची निगेटिव्ह काचेवर ठेवली. टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून तिचं कपाळ पुसलं, गाल पुसले, नाक पुसलं. बोळा काळा झाला. तीस वर्षं तो ज्याला उजेड म्हणत आला, तो कापसावर आल्यावर असा दिसत होता, चुलीच्या काजळीसारखा.

मग खणातून कौशल्याची निगेटिव्ह काढली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. तिचे केस म्हातारीसारखे पांढरे, आणि गाल काचेसारखे नितळ, वर त्याच्या पेन्सिलीचं बारीक जाळं. एकेका रेघेत त्याचा जीव होता. ही पुसली आणि हुबळीहून उत्तरच आलं नाही तर? लेक जन्मभर घरी राहिली तर तो दोष कोणाच्या माथी? पेन्सिलीच्या, की बोळ्याच्या? त्यानं बोळा खाली ठेवला. पुन्हा उचलला. हात पुढं गेला तो काही ठरलं म्हणून नव्हे. तुमकूरच्या बाईचा तो गोड आवाज कानात आला म्हणून.

दुपारी कौशल्या डबा घेऊन आली तेव्हा डार्करूमच्या दारात तारेवर फोटो निथळत होता. ती समोर जाऊन उभी राहिली. गाल सावळा, त्यावर खिडकीतल्या उजेडाची तिरीप. हनुवटीवर लहानपणी जात्याच्या खुंट्यावर पडल्याची खोक, आणि वरच्या ओठाला जरासा बाक.

“ही खोक तुम्ही बुजवत होता?”

“विसरलोच होतो ती आहे म्हणून.”

“हाच धाडायचा?”

“तू सांग.”

तिनं डबा खाली ठेवला. मग मेजावरचं पाकीट ओढून त्यावर प्रतापरावांचा पत्ता लिहायला घेतला, यादीतल्यासारख्याच वळणदार अक्षरात.

फोटो वाळला. विठोजीनं तो पाकिटात घालायला उचलला आणि तसाच थांबला. तो ओठाचा बाक. ती मान खाली घालून किंचित हसल्यासारखं करण्याची तऱ्हा. जात्यावरून उठताना जमनाबाई अशीच बघायची. तिच्या निगेटिव्हची काच पुसून बघावी म्हटलं तरी ती आता नव्हती. जागा हवी म्हणून दामोदरशेटनं जुन्या काचा कधीच धुऊन विकल्या होत्या.

“काय झालं, अप्पा?”

“काही नाही. जरा थांब.” फोटो तिच्या हाती देऊन तो पुन्हा डार्करूमकडं वळला. “आणखी एक प्रत काढतो. घरच्या भिंतीला.”