माझ्या कोपऱ्यावरचा दात

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला ई-रीडर. दिसायला पाटीएवढा, पण पोटात कपाटभर पुस्तकं. आज मी दिमाखात बोलतोय खरा, पण माझं बालपण काळोखात गेलं.

आम्ही बारा भावंडं एकाच दिवशी इथे आलो. ग्रंथपालबाईंनी आमचं भारी कौतुक केलं, प्रत्येकाला मऊ फडक्याने पुसलं आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तोंडावरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही. "नवी वस्तू आहे, जपायला हवी," म्हणाल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. काही मोडलं तर बोल आपल्याला लागेल, एवढीच त्यांना धास्ती. मुलं काचेतून आम्हाला बघायची आणि पुढे जायची. वाचण्यासाठी जन्मलो आणि शोभेला बसलो!

एके दिवशी वाचनखोलीत बाळाच्या रडण्याचा आवाज आला. सगळ्या माना वर झाल्या. परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन शरीररचनेचं जाडजूड पुस्तक उघडून बसली होती. मागच्या परीक्षेच्या वेळी ती बाळंत झाली होती. आता ही तिची शेवटची संधी. त्या पुस्तकाची प्रत एकच, आणि ती ग्रंथालयाबाहेर जात नसे.

"अगं, ही वाचनखोली आहे, पाळणाघर नाही," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मग मी वाचू तरी कुठे, बाई? पुस्तक घरी येत नाही आणि बाळ इथे चालत नाही."

शिपाईकाका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "बाई, हेच पुस्तक त्या कपाटातल्या पाटीत आहे ना? द्या की एक. फुटली तर फुटली! निदान जन्माला येऊन काहीतरी केलं म्हणता येईल."

बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग बाळाकडे पाहिलं. आणि कुलूप उघडलं! शंभर सूचना देऊन त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. शेवटची सूचना दरवाज्यापर्यंत ऐकू आली, "प्लास्टिक काढायचं नाही हं!"

घरी सासूबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "आता ही पाटी कशाला? पहिलीत जायचंय का परत?"

पण दोनच दिवसांत त्यांचा सूर बदलला. बाळ मांडीवर, एक हात त्याला थोपटतोय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माझी पानं उलटतायत. ते जाडजूड पुस्तक असं एका हातात कधी मावलं असतं का? ती पायातल्या हाडांची नावं अंगाईच्या चालीवर म्हणायची, "फीमर, टिबिया, फिब्युला..." बाळ झोपायचं, आणि भाजी निवडता निवडता सासूबाईंनाही ती नावं पाठ व्हायची.

"टिबिया आणि फिब्युला सख्ख्या जावा दिसतायत. शेजारी शेजारी राहतात, पण एक जाडी नि एक बारीक!" त्या म्हणायच्या. सूनबाई हसता हसता लोटपोट, आणि ती दोन हाडं तिच्या डोक्यात कायमची पक्की.

मग तो दिवस उजाडला. ती दूध तापवायला उठली, सासूबाईंनी मला बाळाजवळ ठेवून पाठ वळवली, आणि बाळाने मला पकडलं. आधी माझ्या तोंडावरचं प्लास्टिक टर्रकन ओढलं, मग माझा कोपरा तोंडात घालून कचकन चावलं. सासूबाई धावत आल्या, माझ्यावरची खूण पाहिली, बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि ओरडल्या, "अगं बाई, दात आला!"

घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा कळलं ते मला!

पण माझ्याकडे बघून सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, आता बाई मला परत काही देणार नाहीत. परीक्षा आठवड्यावर आलीय."

"चल, मीही येते. पाटी त्याच्या हाताशी मीच ठेवली होती."

तिघं ग्रंथालयात उभी राहिली. बाईंनी मला उचललं. कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग बाळाकडे पाहिलं.

"कितवा दात?" त्यांनी विचारलं.

"पहिला," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी मला उजेडात धरलं आणि त्या थबकल्या. "अक्षरं एवढी काळीभोर होती होय? मी आजवर प्लास्टिकमधून धुरकटच पाहत आले!"

त्या तडक कपाटाकडे गेल्या. कुलूप काढलं. टर्र! टर्र! टर्र! माझ्या अकराही भावंडांची तोंडं मोकळी झाली. शिपाईकाकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्या वाचनखोलीत बाळाच्या रडण्याला मनाई होती, तिथे मुलांनीही वाजवल्या.

"परीक्षा होईपर्यंत ने," बाई तिला म्हणाल्या. "फक्त कापडी पिशवीत ठेव. अजून बरेच दात यायचेत त्याला."

ती पास झाली, तीही वर्गात पहिली! पायाच्या हाडांवर प्रश्न आला होता. पेढे वाटावेत तशी सासूबाईंनी गल्लीभर बातमी वाटली. "माझ्या दोन जावांनी तारलं हो तिला!"

आता आमचं कपाट कायम रिकामं असतं. आम्ही कुणाच्या उशाशी, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या आजारी वडिलांच्या खाटेजवळ असतो. एक भाऊ पडून फुटला, नाही असं नाही. पण पडण्याआधी तो सहा जणांनी वाचला होता. बाईंनी त्याच्यासाठी एक उसासा सोडला आणि दुसऱ्याच क्षणी विचारलं, "पुढचा नंबर कुणाचा?"

तुमच्याकडेही असं एखादं कुलूपबंद कपाट असेल, तर किल्ली शोधा. जपून ठेवलेलं टिकतं, पण वापरलेलं जगतं.

परवाच एका नव्या मुलाने मला घेताना घाईघाईने सांगितलं, "बाई, हा ओरखडा आधीचाच आहे हं!"

"ओरखडा काय म्हणतोस?" बाई ताठ मानेने म्हणाल्या. "पुस्तकांवर आमचा शिक्का असतो, ह्याच्यावर दात आहे. ने बिनधास्त!"