नकाशात अडकलेले मोठे सर

स्वतःबद्दल शंका घेणं गोष्टबाईंच्या रक्तातच नव्हतं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सरळ बजावलं होतं, "आज तुमचा तास बघायला येतोय. पोरांना गोष्ट रचता आली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून हा तास गणिताला."

"या की," बाई म्हणाल्या. "फक्त मागच्या बाकावर बसा. पुढे बसलात तर पोरांना काही दिसायचं नाही."

बेत झकास होता. माइंड मॅपच्या, म्हणजे विचारांच्या नकाशाच्या, मधोमध 'गोष्ट' नावाचा फुगा. त्याला फांद्या, फांद्यांच्या टोकाला रिकामे फुगे: नायक, अडचण, खलनायक, शेवट. मुलांनी ते मोबाइलवर आलेली लिंक उघडून घरूनच भरायचे.

बाईंनी ऐटीत वर्गातला डिजिटल पडदा सुरू केला.

नायक: माननीय मुख्याध्यापक.
अडचण: वरच्या मजल्यावरचा नळ गळतो. वारंवार कळवले आहे.
खलनायक: पद रिक्त.
शेवट: वरिष्ठांच्या मंजुरीनंतर.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिंक वर्गाच्या ग्रुपऐवजी शिक्षकांच्या ग्रुपवर गेली होती. आणि या शाळेतले शिक्षक रिकामी चौकट दिसली की वरचं न वाचता भरून टाकत. सवयच तशी.

मागून मोठ्या सरांचं खाकरणं ऐकू आलं. बाईंनी पदर खोचला.

"तर मुलांनो, नायक कोण ते कळलंच. आता त्याला गोष्टीत पळवा!"

"बाई, ते नळ बघायला जातात आणि धपकन पडतात!" पहिल्या बाकावरची बडबडी ओरडली.

"ए, मी पडणार नाही!" मोठे सर उठूनच उभे राहिले.

"सर, तुम्ही पडल्याशिवाय गोष्ट पुढे कशी जाणार?"

सरांनी विचार केला. "बरं, पडतो. पण लगेच उठतो. रुबाबात."

"उठता, पण पाणी वाढतं. मग तुम्ही प्रयोगशाळेच्या कपाटावर चढता."

"चढतो. पुढे?"

"कपाट तरंगायला लागतं!"

बाईंची बोटं भराभर चालत होती. फुग्याला नवा फुगा फुटत होता. पडदा पुरेना. मोठे सर केव्हाच पुढे येऊन बडबडीच्या शेजारी अंग कोंबून बसले होते आणि कपाटाला वल्हं म्हणून मोठी फूटपट्टी मिळावी असा हट्ट धरून होते.

तेवढ्यात घंटा झाली. दारात गणिताचे सर हजर. "सर, मग सोमवारपासून हा तास मी...?"

"सोमवारी?" मोठे सर उखडले. "अहो, मी इथे भर पुरात कपाटावर बसलोय, आणि तुम्हाला बेरजा सुचतायत? सोमवारी पोरं मला खाली उतरवणार आहेत. हो ना, बाई?"

"बघू," बाई पडदा बंद करत म्हणाल्या. "सोमवारपर्यंत मगरी सोडायचा विचार आहे."