वारेलाच्या फळ्यावरची चौथी पाटी

मी एक जुना फळा आहे, पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर वारेला नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या टेकाडावर टेहळणीची एक खोली आहे. तिच्या दाराबाहेर मी टांगलेला आहे. नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. त्यावर लाटा फुटतात. मासेमारीच्या बोटींना जाता-येता तो ओलांडावाच लागतो. तिथे दोन बोटी उलटल्या, म्हणून मला बनवले.

बनवले मर्व्ह हॅड्रिकने, मोडीत काढलेल्या बोटीच्या फळीतून. त्याची बायको ऑल्विन हिने माझ्यावर पांढऱ्या रंगाने एकच वाक्य लिहिले: 'दांड्यावर लाटा फुटत आहेत.' त्यात एक जागा मोकळी सोडली आणि तिथे पितळी आकडा ठोकला. मग तिने चार पाट्या रंगवल्या. स्लाइटली, म्हणजे किंचित. मॉडरेटली, म्हणजे बेताने. हेवीली, म्हणजे जोरात. चौथी पाटी लाल होती. व्हायलंटली, म्हणजे बेफाम. रोज सकाळी आकड्यावर यातली एक पाटी टांगायची. नदीतून निघालेल्या बोटी दुर्बिणीतून ती वाचत.

पाटी निवडणे सोपे नव्हते. पहिल्याच आठवड्यात मर्व्ह दोन पाट्या दोन हातांत धरून उभा होता.

"अगं, जोरात की बेताने? ती बघ, केवढी आली!"

"एका लाटेवरून काय ठरवतोस? दहा मोज," ऑल्विन म्हणाली. "सगळ्यात मोठी सोड, सगळ्यात छोटी सोड. उरलेल्या सांगतील ते टांग."

तिचा दुसरा नियम असा: आधी टांगायचे, मग रेडिओवर बोलायचे, आणि बोलायचे ते माझ्याकडे बघून. "तोंडाला सवय वाईट. ते कमी तरी सांगतं नाहीतर जास्त तरी," ती म्हणे. तिथल्या माणसांना कमी सांगायची खोडच होती. वादळात शीड फाटले तरी म्हणायचे, जरासा वारा होता.

एकोणीस वर्षांत लाल पाटी पाच वेळा टांगली गेली. त्या पाच दिवशी एकही बोट दोर सोडून निघाली नाही. बंदरातले लोक माझ्याकडे बघून टोपी काढत. मला त्याचा अभिमान वाटे.

मग जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ऑल्विन गेली.

तिच्या पोटात दुखत होते. मर्व्हने विचारले की ती म्हणायची, "जरासं." लाटांच्या बाबतीत इतकी काटेकोर बाई, पण स्वतःच्या दुखण्याला तिने कधी दुसरा शब्द वापरला नाही. मर्व्हनेही डॉक्टरला तेच सांगितले, जरासं दुखतंय. खरा शब्द कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मर्व्ह टेकाडावर आला. त्याने थर्मासमधला चहा सवयीने दोन मगांत ओतला. मग लाटा न मोजता लाल पाटी टांगली. समुद्र बेताचाच होता. दुसऱ्या दिवशी लाल. त्याच्या पुढच्या दिवशीही लाल. समुद्र शांत असला तरी लाल. मी लाकूड आहे, मला बोलता येत नव्हते. माझ्यावर रोज खोटे वाक्य वाचले जात होते.

लाल पाटीच्या दहाव्या सकाळी ट्रिश गलिया वर आली. कोळंबीच्या बोटीची मालकीण, गमबूट घातलेली, आवाज खणखणीत.

"म्हाताऱ्या, आज काय? परत बेफाम?"

"दिसतं ना तुला."

"मला पेलिकन पक्षी दिसतोय दांड्यावर, पोहत चाललाय. त्याला वाचता येत नाही वाटतं." मग तिचा आवाज उतरला. "मर्व्ह, किती दिवस चालवणार हे? आमची पोटं आहेत रे."

"कमी सांगून एक घालवली मी, ट्रिश. आता कमी सांगणार नाही."

ट्रिशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण अकराव्या दिवशी ती लाल पाटीकडे न बघता समुद्रात गेली.

दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडे आभाळ काळे झाले. ओहोटी सुरू झाली होती, आणि बाहेर जाणारे पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडून त्यांना उभे करत होते. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"मर्व्ह, मी ट्रिश. इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलंय. पंप बंद पडलाय. बादलीनं उपसतेय. दांडा कसा आहे?"

मर्व्हने माइक उचलला. मग तो खिडकीतून लाल पाटीकडे बघत राहिला.

"ऐकतोयस का? इकडून नुसत्या लाटांच्या पाठी दिसतात. बेफाम असेल तर उत्तरेच्या बंदराला वळते. चार तास लागतील. बोट तेवढी तग धरेल का, माहीत नाही. कमी असेल तर आत घेते. पण खरा शब्द सांग, मर्व्ह. कालचा नको."

मित्रांनो, लाल पाटी सकाळपासून माझ्यावरच होती. ती वाचली की काम संपले असते. त्याला कोणी दोषही दिला नसता. पण ट्रिश चार तासांच्या वाटेवर बुडाली असती.

मर्व्हने माइक ठेवला, बाहेर आला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. मी त्याचे मोजणे ऐकले. एक. दोन. सहावी लाट इतकी उंच फुटली की फेस टेकाडाच्या पायथ्याला लागला. तो थांबला. मला वाटले, आता आत जाईल. पण तो पुढे मोजत राहिला. सात, आठ, नऊ, दहा. त्या चार लहान होत्या. त्याने पुन्हा दहा मोजल्या. पुन्हा दहा.

"मर्व्ह!" आत रेडिओवर ट्रिश ओरडली. "पाणी गुडघ्याला आलं!"

त्याने लाल पाटी काढली. तिसरी टांगली. मग आत जाऊन खिडकीतून माझ्याकडे बघत वाचले.

"दांड्यावर लाटा जोरात फुटत आहेत. जोरात, ट्रिश. बेफाम नाही. दर सहानंतर चार बारीक."



"दहा मोजल्यास?"

"तीनदा."

"मग येते. सहावी गेली की ओरड."

ती दांड्याबाहेर येऊन थांबली. एकेक लाट तिच्याखालून जात होती, बोट वर चढून दिसेनाशी होत होती. चार. पाच. सहावी लाट तिच्यापुढे फुटली.

"आता! पळव!"

पहिल्या लहान लाटेवर बोट तिरपी झाली. दुसरीवर सरळ झाली. तिसरीच्या पाठीवर बसून ती नदीच्या सपाट पाण्यात आली. मर्व्ह माझ्या चौकटीला धरून उभा होता.

संध्याकाळी ट्रिश वर आली, कमरेपर्यंत भिजलेली. तिने दुसऱ्या मगातला थंड चहा उचलून पिऊन टाकला.

"तू अजून लालच म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मला काहीच कळलं नसतं. बाहेर समुद्र कसा आहे ते नाही, आणि तू कसा आहेस तेही नाही."

"आणि आता?"

"आता कळलं. जोरात दुखतंय तुला."

मर्व्हने होकाराने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याने लाल पाटीचे उडालेले टवके भरले, नवा रंग दिला आणि ऑल्विनच्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यात गुंडाळून कपाटात ठेवली. आज मी पुष्कळ जुना झालो आहे. बोटींवर नवी यंत्रे आली आहेत, माझ्याकडे फारसे कोणी बघत नाही. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. शब्दांची निगा राखा. मोठा शब्द रोज बाहेर काढू नका, आणि खरी वेळ आली तर लहान शब्दामागे लपू नका. कोणी 'जरासं दुखतंय' म्हणाले, तर तेवढ्यावर उठू नका. त्यांच्याजवळ बसा आणि दहा मोजा.