आत्याने सांगायचं नाव

"काका, साधा फोनच लावू का?" शांताने पुन्हा विचारलं.

"थांब गं. बाळाचा चेहरा बघून नाव सांग. आता होईलच," रघुवीर म्हणाले.

लालबागच्या मंडळाच्या कॉम्प्युटर खोलीत चाळीतल्या बायका नटूनथटून बसल्या होत्या. शांताच्या भावाला मस्कतला मुलगी झाली होती आणि आज तिचं बारसं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या तर इथे. म्हणून तिकडे पाळण्यात लॅपटॉप ठेवायचा आणि शांताने इथून नाव सांगायचं, असं ठरलं होतं. ठरवलं रघुवीरांनीच. पण ऐन वेळी पडद्यावर अक्षरं उमटली: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, आधी अपडेट करा.

रघुवीर म्हणजे मंडळाचे कॉम्प्युटरवाले. संपात मिल गेली तेव्हा ते बदली कामगार होते. पुढे पडेल ते काम केलं आणि चाळिशीत की-बोर्डवर बोटं बसवली. क्लासची पोरं 'सर' म्हणायची आणि ते त्यांना भारी आवडायचं. जुन्या मशीनवर विंडोज होती, तीही कॉपी मारलेली. तिला एकदा अपडेट करू दिलं आणि पडदा काळा ठिक्कर पडला. तेव्हापासून मशीन कुठलंही असो, आधी अपडेट बंद करायचं, हा त्यांचा नियम झाला.

गेल्या वर्षी दमयंतीने, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीने, सगळ्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालून दिली होती. "काका, हे चोरीचं नाहीये. अपडेट आलं की पासवर्ड टाकायचा, बाकी ते आपलं आपण करतं," असं बजावलंही होतं. रघुवीरांनी मान डोलावली, आणि ती जिना उतरली तशी सवयीने अपडेट बंद करून टाकलं.

आज चालू केलं, तर वर्षभराचं तुंबलेलं सगळं एकदम उतरायला लागलं.

"रे रघुवीरा, झाला तरी काय?" शांताची आई शेवंताबाई म्हणाली. "होवचा नाय तर तसा सांग."

"माझं काय चाललंय मग? दमयंती फुकटातली सिस्टीम गळ्यात मारून गेली! आधीचं काय वाईट होतं?"

रघुवीर बोलून गेले आणि पाहतात तो दारात दमयंती. त्यांचाच फोन गेला म्हणून कामावरून धावत आलेली. ती सरळ मशीनसमोर बसली आणि सेटिंग उघडलं. अपडेट केव्हा तपासायचं याच्यापुढे 'कधीच नाही' असं निवडलेलं होतं. तिने रघुवीरांकडे पाहिलं. आता सगळ्यांसमोर आपली अब्रू जाणार, असं त्यांना वाटलं.

"हो, माझंच चुकलं," दमयंती म्हणाली. "मी बघायला हवं होतं."

तेवढ्यात शांताचा फोन वाजला. मुहूर्त टळत होता, म्हणून तिकडे शेजारच्या बाईने नाव सांगून टाकलं होतं. शांता "बरं केलंत, हां, बरं केलंत" म्हणत राहिली आणि फोन ठेवून तिने पदर डोळ्यांना लावला.

आणलेल्या घुगऱ्या तर वाटायलाच हव्या होत्या. पहिला द्रोण तिने रघुवीरांच्या हातात दिला. "काका, तुम्ही किती धडपडलात हो." दमयंतीला वगळून ती पुढच्या बाईकडे वळली. दमयंती खाली मान घालून बसली होती. रघुवीरांना हातातल्या द्रोणाची लाज वाटली.

"शांता," ते म्हणाले. "तिला दे. अपडेट मीच बंद केलं होतं, तिने सांगूनसुद्धा. आणि तू फोन लावते म्हणालीस, तर तोही मी लावू दिला नाही."

शांता परत फिरली, दमयंतीला द्रोण दिला आणि क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती उरलेल्या बायकांना वाटत गेली. रघुवीरांच्या हातातला द्रोण तिने परत मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं.