जन्मजात म्हणे!

मी फळा. खाणीतल्या काळ्या दगडातून कापलेला आणि माँटेव्हिडिओ शहरातल्या विद्यापीठाच्या गणित विभागात भिंतीवर ठोकलेला. आयुष्यभर विद्वानांनी माझ्यावर खडू झिजवला, म्हणूनच विद्वानांबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही.

एचेगोयेन सरांचंच घ्या. दरवर्षी पहिल्या तासाला ते माझ्यावर एक कोडं लिहीत आणि येर्बाचा कढत काढा नळीनं ओढत वर्गाकडे बघत बसत. "गणित रक्तात असावं लागतं," म्हणत. जो आधी सोडवेल तो जन्मजात, बाकीचे भरताड. झाली निवड!

एका वर्षी ब्राउलिओ नावाच्या पोरानं कोडं लिहून व्हायच्या आत उत्तर सांगितलं. सर हरखले. इल्दा सॅराविया मात्र कोड्यातच अडकली.

"सर, पण ही संख्या शून्य असली तर?"

"बाई गं, तू शाळेत शिकवायला जा. लहान मुलं आवडतात ना तुला?"

वर्ग खिदळला.

ब्राउलिओची बुद्धी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पुढे संशोधन करताना इल्दानं माझ्यावर अख्खी सिद्धता मांडली, तेव्हा दारातून जाता जाता तो म्हणाला, "चौथी ओळ पडतेय, इल्दा."

खरंच पडत होती; तर्क तिथंच तुटत होता.

"मग उभी कशी करू?"

"सुचेल गं," म्हणून तो सटकला.

जन्मजात माणसानं चारचौघांत अडखळायचं नसतं ना! एकदा तो माझ्यासमोर अडला, घाईघाईनं तळहातानंच सगळं पुसलं आणि पुन्हा खडूला शिवला नाही. विम्याच्या कचेरीत चिकटला.

इल्दा रोज यायची, चुकायची. "गाढवे, हेच काल केलं होतंस!" असं स्वतःला सुनवायची आणि पुसून पुन्हा लिहायची. अशी वर्षं गेली. शेवटी ती चौथी ओळ तिनं सोडूनच दिली, भलत्याच बाजूनं शिरली आणि सिद्धता उभी राहिली. परदेशातल्या जाणकारांनी ती कसून तपासली, मान्य केली.

सत्कार माझ्याच पुढ्यात झाला. एचेगोयेन सर छाती काढून म्हणाले, "पहिल्याच तासाला मी ओळखलं होतं. जन्मजात गणिती!"

"सर, तुम्ही मला शाळेत शिकवायला जा म्हणाला होतात."

"बघा! विनोदसुद्धा रक्तातच आहे हिच्या!"

टाळ्या पडल्या. तिची सगळी वर्षं एका शब्दात साफ. इतकं स्वच्छ मला फडक्यानंही कधी कुणी पुसलं नव्हतं.

आता विभागात पांढरे चकचकीत फळे आलेत. कोपऱ्याला तडा गेलेला मी इल्दाच्या खोलीत असतो. परवा तिथं ब्राउलिओ आला, केस पिकलेले. इल्दानं त्याला नवा प्रश्न सांगितला, खडू पुढे केला.

"नको गं, सराव राहिला नाही. चुकेल."

"मग चूक की! मी दुसरं काय करते इथं?"

त्यानं खडू घेतला. हात माझ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

लिही रे बाबा. तुझ्या हुशारीचं मला काडीचं कौतुक नाही. पण एक चुकीची ओळ तरी लिही.