स्वच्छ कागदांचं कपाट

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला बारीक अक्षरांचा कागद तुम्ही कधी पूर्ण वाचलाय? नसेलच. मी बावीस वर्षं तेच वाचतोय. आमच्या छापखान्यात फक्त हेच कागद छापतात आणि छापण्याआधी त्यांचं प्रूफ माझ्या टेबलावर येतं. शब्द चुकला तर हसू होतं, आकडा चुकला तर माणूस जातो. म्हणून आकडे मी उलटे वाचतो, शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे, खाली पट्टी धरून. सरळ वाचलं की जे असायला हवं तेच डोळ्यांना दिसतं.

माझी दुसरी सवय जरा खुळी आहे. चूक सापडली की मी पेन्सिलीने बारीक खूण करायचो आणि कागद स्वतः मजकूर लावणाऱ्या ताईंकडे घेऊन जायचो. त्या मुकाट्याने दुरुस्ती करून नवा कागद काढायच्या. जुन्याचे चार तुकडे करून मी टोपलीत टाकायचो. भर खोलीत कुणाची लाज कशाला काढायची? साहेबांकडे आणि कपाटात जायचा तो फक्त स्वच्छ कागद. आमच्याकडे चुका होतच नाहीत, असा साहेबांचा प्रामाणिक समज झाला होता.

भाच्याला इथे मीच चिकटवला. बहिणीने गळ घातली, मी साहेबांकडे शब्द टाकला. पट्टी कशी धरायची, उलटं कसं वाचायचं, हातचं काही न राखता शिकवलं. बाकीच्या सवयी तो स्वतःच्या घेऊन आला होता. रोज दहा मिनिटं आधी यायचा आणि साहेबांची गाडी येईपर्यंत फाटकाशी रेंगाळायचा, म्हणजे दोघं बरोबरच आत शिरणार. बैठकीत जाड वही उघडून बसायचा. समोरच्याचं वाक्य जरा सजवून त्यालाच परत ऐकवायचा, मग तो माणूस दिवसभर स्वतःवर खूश. चुकांना लाल शाईचे भले मोठे गोल करायचा, त्यांचे फोटो काढायचा आणि पाचच्या ठोक्याला साहेबांना मेल पाठवायचा : ‘आज पकडलेल्या चुका.’

“अरे, लाल कशाला?” मी एकदा विचारलं. “ताईंना किती लागतं ते.”

“मामा, केलेलं काम दिसायला नको का?”

मी हसलो. मूर्ख माणूस मी. डबा खाताना त्याला कौतुकाने दाखवायचो, बघ, आज ही चूक कशी लपून बसली होती. संध्याकाळी ती त्याच्या मेलमध्ये असायची. हे मला फार उशिरा कळलं.

विभागप्रमुख निवृत्त झाले आणि काचेची केबिन रिकामी झाली. ती माझीच, असं सगळे धरून चालले होते. मीही. बायकोने तर शेजारी सांगूनही टाकलं होतं. साहेबांनी मला बोलावलं.

“तुमच्या भाच्याने सहा महिन्यांत दोनशे चौदा चुका पकडल्या. तुम्ही किती?”

“मोजल्या नाहीत, साहेब.”

“एखादी तरी दाखवा.”

मी त्यांना कपाटापाशी नेलं. त्यांनी चार-पाच गठ्ठे सोडले, कागद उलटसुलट केले.

“यात तर चुकाच नाहीत,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. “मग इतकी वर्षं तुम्ही करत काय होतात?”

याचं उत्तर मला आता रोज सुचतं, आंघोळ करताना.

केबिन भाच्याला मिळाली. बहिणीचा फोन आला, तिचा आनंद पोटात मावत नव्हता. “दादा, तुझ्यामुळेच झालं रे! आता त्याला सांभाळून घे. तुझाच आहे तो.” मी हो म्हटलं. बायको शेजारी सांगून आली, “ह्यांनीच नको म्हटलं.” केबिन गेल्याचं मी कसंबसं गिळलं, पण तिचं ते खोटं आजही घशात अडकलंय.

तातडीचे कागद मग थेट केबिनमध्ये जाऊ लागले. झटपट सही करणं ही भाच्याची नवी सवय. मी ते फक्त खाली यंत्रावर पोहोचवायचे. गेल्या मंगळवारी जिन्यात उभ्याउभ्या मी असाच एक कागद सवयीने उलटा वाचला. तापाचं औषध, लहान मुलांचा डोस. अडीच मिलिलिटरच्या जागी पंचवीस. मधला ठिपका गळाला होता. खाली भाच्याची झोकदार सही.

मी उलट पावली केबिनमध्ये गेलो, दार लावलं, कागद त्याच्यापुढे ठेवला आणि त्याचाच लाल पेन उचलला. खरं सांगतो, बावीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आकडा त्याला दिसला. त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी आमच्याकडे काही फोडलं की असंच धरायचा.

“मामा, साहेबांना कळलं तर संपलंच. आईला काय सांगू?” मग हळूच म्हणाला, “तुम्ही... नेहमी फाडता ना?”

मी पेन खाली ठेवला. ताईंकडे गेलो. त्यांनी मुकाट्याने ठिपका घातला, नवा कागद काढला. परत येऊन मी जुन्याचे चार तुकडे केले आणि टोपलीकडे वळलो.

“माझ्याकडे द्या,” भाचा म्हणाला आणि हात पुढे केला. मी दिले. त्याने ते मोजले, चारही, आणि खिशात घातले.

पाच वाजता सगळ्यांना मेल आली : ‘आज विभागातून सुटलेल्या चुका : शून्य.’ खाली साहेबांचं उत्तर होतं, बाकीच्यांनी यातून शिकावं. मी शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे ती मेल वाचली. चूक एकही नव्हती.